लोकायच्या पोरी

आबाजींच्या शेतात एकदा बॉल गेला की तो परत येत नाही, हे आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. बॉलचं सोडा, शेळी गेली तर ती थेट कोंडवाड्यात जायची, आणि माणूस गेला तर भंडाऱ्याच्या कोर्टात. कोंढ्याहून आत वळणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. तिथे आबाजींची ज्याच्याशी केस नाही असा धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, शेजारी उरलेला नव्हता. धुरा हातभर सरकवला म्हणून केस, पाटाचं पाणी वळवलं म्हणून केस, बाभळीची सावली धानावर पडते म्हणून केस. पाटाच्या पाण्याची केस आमच्या बाबांवर होती. माघारी सगळे आबाजींना 'कोर्टवाला बुढा' म्हणायचे. तोंडावर मात्र आबाजी.

भर मे महिन्यातही त्यांच्या डोक्यावर लोकरीची टोपी असायची. कोणी हसलं तर म्हणायचे, "थंडी अडवते ते टोपी ऊन नाही अडवत का?" तारखेच्या दिवशी इस्त्रीचं धोतर नेसून एसटीला उभे राहायचे. ड्रायव्हरच्या मागची सीट रिकामी नसेल तर ते गाडी सोडून द्यायचे आणि पुढच्या गाडीची वाट बघायचे. रोज सकाळी स्वतःच्या धुऱ्यावरून चालताना धुऱ्याशीच बोलायचे, "सरकला तं नाही ना रे?" आणि उत्तर मिळाल्यासारखी मान हलवायचे. त्यांच्या तोंडून 'हो' मी कधी ऐकलं नाही. 'पाहू' म्हणाले तर ते हो समजायचं, 'बरं' म्हणाले तर नाही, आणि काहीच बोलले नाहीत तर ते वकिलाकडे निघाले असं समजायचं.

अशा माणसाच्या शेतात आम्ही दोन हिवाळे फुटबॉल खेळलो.

मी नववीत होते. खेळाचे नवे सर भंडाऱ्याजवळच्या शहापूरहून मोटरसायकलवर यायचे. त्यांनी आम्हा मुलींच्या हातात पहिल्यांदा बॉल दिला. शाळेचं मैदान रस्त्याला लागून. मधला सगळा भाग मुलांच्या क्रिकेटचा, आमच्या वाट्याला पाण्याच्या टाकीजवळचा कोपरा. समोर पानठेला. आम्ही खेळायला लागलो की ठेल्यावरची गर्दी वाढायची. गाड्या हळू व्हायच्या. कोणी काही बोलायचं नाही, नुसतं बघायचं, आणि त्या बघण्यानेच पाय जड व्हायचे. एकदा आमच्यातली रोशनी बॉल अडवायला झेपावली आणि पडली, तिचा टी-शर्ट वर गेला. ठेल्यावरून कोणीतरी ते मोबाइलवर घेतलं, त्याला एक घाणेरडं गाणं जोडलं आणि गावातल्या सगळ्या ग्रुपवर टाकलं. संध्याकाळपर्यंत ते घराघरांत पोहोचलं होतं. रोशनीच्या वडिलांनी व्हिडिओ टाकणाऱ्याला शोधलंही नाही. ते रोशनीला म्हणाले, "शाळेतून नाव काढतो तुहं."

दुसऱ्या दिवशी शाळा समितीचे अध्यक्ष आले. मुलींचा फुटबॉल बंद, पोरींच्या बदनामीला शाळा जबाबदार राहणार नाही, असं त्यांनी आम्हाला उभं करून सांगितलं. सर खाली बघत होते. अध्यक्ष गेल्यावर त्यांनी बॉल माझ्या हातात दिला आणि एवढंच म्हणाले, "ठेव तुझ्याजवळ."

घरी जाताना रोशनी रडत होती. मला काय करावं ते सुचेना, म्हणून मी बॉलला जीव खाऊन लाथ घातली. तो उडाला आणि नेमका आबाजींच्या बांधीत, धानाच्या खाचरात पडला. धान कापून झालेलं होतं. मोकळ्या बांधीत आबाजी उभे होते. त्यांनी बॉलवर पाय ठेवला.

"कोनाचा हाय?"

"शाळेचा."

"शाळेचा हाय तं शाळेत खेळा. इथं कायले आला?"

"शाळेत खेळू देत नाही आबाजी," रोशनी म्हणाली. "अध्यक्षानं बंद केलं."

अध्यक्ष म्हणजे आबाजींचे सख्खे चुलतभाऊ. या दोघांची धुऱ्याची केस आमच्या जन्माच्या आधीची. आबाजींनी पायाखालचा बॉल सोडला.

"त्यानं बंद केलं? काहून?"

"पोरीच्या जातीनं खेळू नये म्हनते."

आबाजी हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि खरं सांगायचं तर मला भीतीच वाटली. "मंग खेळा इथं," ते म्हणाले. "माह्या बांधीत माहा कायदा."

आमच्याकडे धान उभं असतानाच त्यात लाखोळीच्या डाळीचं बी टाकतात, धान कापलं की ती वर येते. त्या वर्षी या एका बांधीत आबाजींनी ती टाकली नव्हती, कारण आदल्या वर्षी अध्यक्षांच्या गुरांनी सगळी चरून टाकली होती. बांधी गावापासून आत, तलावाच्या अंगाला. रस्त्यावरून दिसायची नाही. आम्ही वाकून वाकून धसकटं उपटली, चार बांबू रोवले आणि खेळायला लागलो. आबाजींच्या अटी होत्या. धुऱ्यावरच्या तुरीला हात लावायचा नाही. वाटेवर चपला सोडायच्या नाहीत, कोणाला दिसतील. आणि गोल झाला तरी ओरडायचं नाही. त्यामुळे आम्ही गोल झाला की एकमेकींचे दंड घट्ट धरायचो आणि दात आवळून तशाच उभ्या राहायचो. आजही मला फार आनंद झाला की आधी आवाज बंद होतो.

खेळ त्यांना कधीच कळला नाही. ते धुऱ्यावर काठी घेऊन बसायचे आणि पुढे धावणारीवर ओरडायचे, "लोकाच्या हद्दीत काहून घुसून राहिली?" मी पुढे खेळायची, म्हणून मला जास्त बोलणी बसायची. गोल म्हणजे त्यांच्या हिशेबी अतिक्रमण. त्यांना आवडायची ती गोलमध्ये उभी राहणारी रोशनी. "हे राखनदार हाय," ते म्हणायचे, "घर राखते." रोशनी लाजायची. शाळेतून नाव काढू नये म्हणून ती घरी रोज आईपुढे हात जोडायची आणि संध्याकाळी लपून खेळायला यायची.

आमच्या आयांना ठाऊक होतं. वडिलांना ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक नाही असं ते दाखवायचे. आणि कोणाला कळलं तरी शेतात येऊन पोरीला ओढून नेणार कोण? आबाजींच्या धुऱ्यावर पाय ठेवायचा म्हणजे भंडाऱ्याच्या चकरा सुरू. सगळं गाव ज्या गोष्टीसाठी त्यांना शिव्या द्यायचं, त्याच गोष्टीच्या आडोशाला आम्ही खेळत होतो. दुसऱ्या वर्षीही त्यांनी त्या बांधीत लाखोळी टाकली नाही. त्यांनी कारण सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

पण एक गोष्ट आम्हाला सलायची. आबाजींची नात, पल्लवी, आमच्याच वर्गात होती. रोज ती आबाजींसाठी चहाची केटली घेऊन यायची आणि चहा पिऊन होईपर्यंत धुऱ्यावर उभी राहायची. एकदा बॉल गडगडत तिच्या पायाशी आला. तिने केटली खाली ठेवली, दोन पावलं मागे गेली आणि मारला. बॉल आमच्या सगळ्यांच्या डोक्यावरून पलीकडच्या बांबूंच्या मधून गेला. आम्ही बघतच राहिलो.

"केटली उचल," आबाजी म्हणाले. "घरी जाय."

ती गेल्यावर मी धीर केला. "आबाजी, पल्लवीले खेळू द्या ना."

"लोकायच्या पोरी अलग, आपली पोर अलग," ते म्हणाले. "तुमाले काही झालं तं तुमचे बाप पाहातीन. तिले झालं तं मले पाहा लागन."

दुसऱ्या दिवशी बांधीच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या लावलेल्या होत्या. आठवडाभर त्या तशाच राहिल्या. त्यानंतर आम्ही पल्लवीचं नाव काढलं नाही. त्या माणसाचा राग यायचा आणि त्याची बांधी हवी असायची. पल्लवी वर्गात माझ्या शेजारी बसायची. तीही तक्रार करायची नाही. फक्त विचारायची, "काल कोन पुढं होती? बॉल कोनी देल्ला?" मी सांगायची आणि ती ते सगळं डोळे मिटून ऐकायची.

दहावीच्या हिवाळ्यात सरांनी भंडाऱ्याच्या स्पर्धेत आमचं नाव द्यायचं ठरवलं. त्यासाठी पालकांच्या सह्या लागत होत्या. सह्या म्हटल्यावर गोष्ट झाकून राहणार कशी? त्याच आठवड्यात एका संध्याकाळी रोशनीने गोलमधून हात वर केला आणि तशीच थिजली. मी वळून बघितलं. बैलबंडीच्या वाटेने माणसं येत होती. पुढे अध्यक्ष, मागे रोशनीचे वडील, आणि आणखी पाचसहा जण. त्यात माझे बाबा होते.

आम्ही होतो तिथेच उभ्या राहिलो. बॉल कोणाच्या तरी पायापासून सुटून हळूहळू गडगडत गेला, तो उचलायलाही कोणी हललं नाही. आबाजी काठी टेकत उठले.

"धुऱ्याच्या अलीकडं पाय पडला," ते म्हणाले, "तं उद्या भंडारा."

माणसं खरंच थांबली. रोशनीच्या वडिलांचा एक पाय उचललेला होता, तो त्यांनी मागे घेतला. अध्यक्ष मात्र घाबरले नव्हते. ते धुऱ्याच्या पलीकडे छाती काढून उभे राहिले.

"नाही येत दादा तुह्या बांधीत. इथूनच विचारतो. लोकायच्या पोरी नाचवून राहिला ना तू? मंग तुही नात काहून नाही नाचत? ते काहून केटली धरून उभी हाय?"

तलावावर कुठेतरी टिटवी ओरडत होती. मग रोशनीचे वडील म्हणाले, "हां, सांगा ना आबाजी. आमच्याच पोरी फुकटच्या हायेत का?"

आबाजींची मान हळूच वळली. पल्लवी त्यांच्या मागेच होती. वकिलाला 'कागद काढा' म्हणावं तशा आवाजात ते म्हणाले, "पल्लवी, जाय. खेळ."

"नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. दोन वर्षं जी डोळे मिटून आमचा खेळ ऐकत होती, ती हे म्हणत होती.

"मी म्हनून राहिलो ना. जाय!"

"तुमाले बॉल नाही माराचा आबाजी," पल्लवी म्हणाली. "तुमाले त्याइले माराचं हाय. तुमच्या केसमंदी मले नोका टाकू."

तिने केटली खाली ठेवली आणि निघून गेली. धावत नाही, रोजच्यासारखी चालत. अध्यक्ष मोठ्याने हसले. आबाजी काठी दोन्ही हातांनी धरून खाली ठेवलेल्या केटलीकडे बघत होते. आता धुऱ्यावर कोणी पाय ठेवला असता तरी ते काही बोलले नसते. पण त्याची गरजच पडली नाही. बाबांनी तिकडूनच हाक मारली, "चाल घरी," आणि मी गेले. एकेक करून सगळ्या गेल्या.

घरी येईपर्यंत बाबा माझ्या पुढे चालत होते. जेवताना आईला म्हणाले, "उद्यापासून शाळा सुटली की सरळ घरी. अन् दहावी होऊ दे, मंग पावने पाहाले सुरुवात करू." आई माझ्याकडे बघत नव्हती.

पुढचं मला पल्लवीने वर्गात हळूहळू सांगितलं. घरी ती आबाजींशी बोलत नव्हती. ताट वाढायची आणि बाजूला व्हायची. आबाजीही बोलत नव्हते. मग एक तारीख आली आणि ते गेले नाहीत. इस्त्रीचं धोतर नेसून खाटेवर बसून राहिले आणि गाडी निघून गेली. घरचे घाबरले, दुखतंखुपतं का विचारायला लागले. त्या दुपारी ते घराच्या मागे गेले. तिथे पल्लवी चिंध्यांचा गोळा करून भिंतीवर मारायची, भिंतीचा पोपडा तेवढ्या जागी सगळा उडाला होता. आबाजींनी त्या जागेवरून हात फिरवला.

"कवापासून?"

"तुमी लोकायच्या पोरी खेळवाले लागले तवापासून."

हाताला लागलेला पोपडा त्यांनी झटकला. मग म्हणाले, "तुले खेळाचं हाय का?"

"हाव," पल्लवी म्हणाली. मला हे सांगताना ती हसत होती आणि तिचे डोळे भरले होते. "हे मले कोनी विचारलंच नव्हतं ना गं. ना 'खेळ' म्हननाऱ्यानं, ना 'नोको खेळू' म्हननाऱ्यानं."

रविवारी सकाळी आबाजी आमच्या दारात आले. मागे पल्लवी, शाळेची ट्रॅकपँट घातलेली. बाबा अंगणात फवारणीचा पंप उघडून बसले होते. त्यांनी हात पुसले.

"काय आबाजी? नोटीस आनली का?"

"नाही. पोर मांगाले आलो."

आई घाईघाईने स्वयंपाकघरातून बाहेर आली. पोर मागायला येणं याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो.

"खेळाले," आबाजी म्हणाले. "माही एकटी कशी खेळन? तुही पाठव."

बाबांचा आवाज चढला. "तुमचं काय जाते? उद्या हिचा पाय मोडला तं कोन लगन करन हिच्याशी? पुन्हा व्हिडिओ निंगला तं मी कोनाले तोंड दाखवू? तुमी आपल्या केशी पाहा."

मला वाटलं आता दोघांची जुंपणार. आबाजी ओसरीच्या कडेला बसले. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. त्यांचं डोकं मी पहिल्यांदाच बघत होते, पांढरं आणि लहानसं.

"मले बी तेच भेव हाय," ते म्हणाले. "जवापर्यंत लोकायच्या पोरी होत्या, तवापर्यंत मले काही वाटलं नाही. मजा येत होती. आता हे जानार म्हनते, तं सकाळपासून एका जागी बसनं नाही होऊन राहिलं." मग ते म्हणाले, "तू ये ना बाप्पा. धुऱ्यावर बस माह्याजवळ. दोघं भिऊ."

बाबांनी पंपाचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे असं बघून त्यांना कित्येक महिने झाले असतील.

"धुऱ्यावर बसलो तं केस तं नाही टाकसान?"

"पाहू," आबाजी म्हणाले.

आई तोंडाला पदर लावून आत गेली.

यातून काय मोठं घडलं असं कोणी विचारलं तर सांगायला फार नाही. आबाजी त्या दिवशी दुपारपर्यंत दारोदार फिरले. ज्यांच्याशी केसेस चालू होत्या त्यांच्याही दारात गेले. काहींनी पाणी दिलं, काहींनी नाही. रोशनीच्या घरचं दार उघडलंच नाही. "राखनदार नाही भेटली," असं त्यांनी आम्हाला येऊन सांगितलं आणि पाठ फिरवून उभे राहिले. दहावीनंतर रोशनीचं लग्न झालं. अध्यक्षांच्या दारात मात्र ते गेले नाहीत, तेवढं त्यांना जमलं नाही. अकरा मुली काही जमल्या नाहीत, म्हणून त्या वर्षी आम्ही भंडाऱ्याला गेलो नाही. आमच्या मागच्या मुली गेल्या आणि पहिल्याच सामन्यात हरून आल्या. मी आता भंडाऱ्यालाच एका दवाखान्यात नोकरी करते. माझ्यासाठी पाहुणे आले ते नर्सिंग पुरं झाल्यावर. पल्लवी कॉलेजच्या संघातून खेळते. आबाजी मागच्या उन्हाळ्यात वारले. बऱ्याच केसेस त्यांच्या मागे चालूच आहेत.

मला त्यांची आठवण येते ती त्या रविवारच्या दुपारची. आम्ही सातजणीच होतो. धुऱ्यावर आबाजी आणि बाबा शेजारी शेजारी बसलेले, दोघांच्याही चेहऱ्यावर ऑपरेशन थिएटरबाहेर असतो तसा ताण. बॉल उंच उडाला की दोघांच्या माना एकदम वर जायच्या. मग एक बॉल मधोमध आला. एका बाजूने मी धावले, दुसऱ्या बाजूने पल्लवी. दोघींनीही बघितलं नाही. जोरात आदळलो आणि दोघीही पडलो. माझा गुडघा धसकटावर फाटला. पल्लवी कपाळ धरून आडवी झाली.

बाबा ताडकन उठले. त्यांच्या आधी आबाजी उठले होते, एक पाय बांधीत टाकलाही होता. तो त्यांनी मागे घेतला. बाबांच्या सदऱ्याचं टोक धरून त्यांना खाली ओढलं आणि स्वतःही बसले.

"बस," ते म्हणाले. "उठतीन त्या."

सदऱ्याचं टोक त्यांनी सोडलं नव्हतं, ते मला मातीत पडल्यापडल्या दिसत होतं. मी पल्लवीकडे बघितलं. तिने कपाळावरचा हात काढला. आम्ही उठलो.